लडाखला गेलात, थांबलात कुठे?

प्रोजेक्टर बंद करा. दिवे लावा. खुर्च्या पुढे ओढा आणि मोबाइल पिशवीत टाका. दोन तास मी तोंडातून अवाक्षर न काढता तुमचे फोटो पाहिले. आता अर्धा तास तुम्ही ऐकायचं. मध्येच कुणी ‘पण सर’ म्हणायचं नाही.

सात जण, नऊ दिवस, अकरा हजार फोटो. हा आकडा तुम्ही मला दारातच सांगितलात, तोही छाती फुगवून. मी हिशेब मांडला. माणशी दीड हजाराच्या वर. झोपेचे तास वगळले तर प्रत्येकाने दर पाच मिनिटांना एक फोटो काढलाय. जेवताना, गाडीत, घाटात, कुणाला ओकारी होत असताना, दर पाच मिनिटांना एक. मग बघितलं कधी? मला उत्तर नको आहे. उत्तर आत्ता भिंतीवर पाहून झालंय.

प्रत्येक फोटोवर कॅमेरा वेळ लिहून ठेवतो, हे तुम्ही विसरलात. मी चित्रांच्या आधी त्या वेळा वाचल्या. हुंदरची वाळू, दुपारी एक ते पावणेदोन. पँगाँग, साडेबारा. दिस्कीटचा गोंपा, अकरा. सकाळी सहा ते आठ या वेळेतले फोटो नऊ दिवसांत मिळून तेवीस, त्यातले एकोणीस नाश्त्याच्या टेबलावरचे. संध्याकाळचे होते, पण त्यात शेकोटी आहे आणि तुम्ही आहात. उजेड पकडायला गेलेली माणसं उजेडाच्या वेळेला पांघरुणात होती. या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर मी एकच ओळ लिहिली होती आणि ती वर्षभर पुसली नव्हती: कॅमेरा कुठला ते नंतर, उजेड कुठून येतोय ते आधी. तुम्ही ती वहीत उतरवलीत. वही इथेच ठेवून गेलात वाटतं.

हुंदरची वाळू घ्या. श्योक नदीच्या पात्राकाठी, तीन हजार मीटरवर, दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर आणि मध्ये वाळूच्या टेकड्या. अशी जागा माणसाला आयुष्यात एकदोनदा पाहायला मिळते. त्या वाळूवर वाऱ्याने वळ्या पाडलेल्या असतात, बोटभर उंचीच्या. ऊन डोक्यावर असलं की प्रत्येक वळीची सावली तिच्या पायाशीच मरते आणि कॅमेऱ्याला दिसते ती नुसती सपाट पिवळी चटई. तेच ऊन तिरपं झालं की एकेका वळीमागे काळी रेघ उभी राहते, टेकडीची धार उजळते आणि तिची पलीकडची, घसरती बाजू अंधारात जाते. वाळू तीच असते, फक्त तिला अंग येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत, महागडी लेन्स लागत नाही, चार तास लागतात. आणि तिथे डोंगर इतके उंच आहेत की पंचांगातला सूर्यास्त उपयोगाचा नाही. सूर्य त्याच्या खूप आधी कड्याआड जातो, म्हणून आधीच जाऊन बसावं लागतं. तुमच्या ड्रायव्हरने तुम्हाला सांगितलं होतं की संध्याकाळी पाचला या. हे तुमच्यापैकीच एकाने मला मघाशी सांगितलं, ‘तो उगाच थांबवत होता’ अशा शब्दांत. तो उगाच थांबवत नव्हता. त्याला त्या वाळूचं घड्याळ माहीत होतं आणि तुम्हाला संध्याकाळच्या भज्यांचं.

बरं, दुपारी गेलात तर गेलात. गेल्याबरोबर काय केलंत? सातही जण धावत टेकडीच्या माथ्यावर. मग वळून कॅमेरा काढला, तर समोर चौदा पायांनी तुडवलेली वाळू. त्या कोऱ्या धारेचा एक फोटो नाही तुमच्याकडे. एकही नाही! वाळूत आधी कडेने चालायचं, लांबून बघायचं, आपण कुठे पाऊल टाकणार आहोत ते ठरवायचं आणि मग टाकायचं. पहिला फोटो बाहेरून. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात शोधायची गरज नाही. अंगणात रांगोळी काढलेली असली तर शेंबडं पोरसुद्धा कडेने जातं.

वाळू तरी माफ करते. रात्रभर वारा सुटतो आणि तुमची पावलं पुसून टाकतो. पण पुढे चांगथांगच्या पठारावर ‘एक चांगला अँगल’ मिळावा म्हणून तुम्ही गाडी रस्त्यावरून खाली उतरवायला लावलीत. तो फोटो पाहताना मी खुर्चीतून उठलो होतो. तुमच्या लक्षात आलं का? लेहला वर्षाला सरासरी दहा सेंटिमीटर पाऊस होतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस. आपल्याकडे चाकाचा खड्डा पडला तर एका पावसाळ्यात त्यावर गवत येतं. तिथे गवताचं पातं उगवायला काय लागतं याचा विचार करा. त्या गवतावर चांगपा मेंढपाळांच्या बकऱ्या जगतात, ज्यांच्या लोकरीची पश्मिना होते. तुमच्या गाडीच्या दोन चाकोऱ्या त्या चराईवर उमटल्या त्या पुढची कित्येक वर्षं तिथे राहतील, आणि पुढची गाडी त्याच चाकोऱ्यांना रस्ता समजेल. एका फोटोसाठी. तोसुद्धा वाकडा आलाय, क्षितिज डावीकडे कललेलं आहे.

खारदुंग ला. तिथला बर्फ तुमच्या फोटोंत राखेसारखा आलाय. का आला? तिसऱ्या तासाला मी याच टेबलावर पांढरी चादर पसरून तिच्यावर काळा तवा ठेवला होता. कॅमेऱ्याचं मीटर आंधळं आहे. समोरचं सगळं त्याला मध्यम करड्या रंगाचं वाटतं, म्हणून ते चादरही करडी करतं आणि तवाही करडा करतं. बर्फ पांढरा हवा असेल तर एक्स्पोजर आपल्या हाताने एक ते दीड स्टॉप वाढवायचं, हिस्टोग्राम बघायचा, उजवीकडे कापला जात नाही ना ते पाहायचं. एक चाक फिरवायचं काम. चाळीस जणांच्या वर्गात मी तुमच्या प्रत्येकाच्या हातून ते करून घेतलं होतं. पण तिथे तुमचं लक्ष बर्फाकडे नव्हतंच, पाटीकडे होतं. पाटीजवळ रांग लावून उभं राहायचं, दोन बोटं दाखवायची. त्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं. खिंडीची मोजलेली उंची 5,359 मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडं वर. ज्या आकड्यासाठी लोक धापा टाकत उभे राहिले तो आकडाही खरा नव्हता.

आणि धापा कशाला टाकत होतात? विमानाने साडेतीन हजार मीटरवर उतरलात आणि दुसऱ्याच सकाळी साडेपाच हजारांकडे निघालात. लेहमध्ये पहिले दोन दिवस पडून राहायचं, पाणी प्यायचं, हे तुम्हाला निघण्याआधी याच खोलीत बजावलं होतं. तिच्या ओठांचा रंग बघितलात का, त्या फोटोतल्या? मी मघाशी बघितला. ती तुमच्यातलीच आहे, ओठ निळसर पडलेत, डोळे अर्धे मिटलेत, आणि तुम्ही तिला म्हणताय ‘हस जरा’. त्या वेळी कॅमेरा फेकून देऊन तिला खाली न्यायचं होतं. तुम्ही पंचवीस मिनिटं वर होतात. वेळा लिहिलेल्या आहेत. मी याबद्दल आज जास्त बोलत नाही, कारण माझा आवाज चढेल. पण पुढच्या सहलीला कोण येणार हे आता मी ठरवणार.

पँगाँगबद्दल मला फार बोलायचं नाही. 134 किलोमीटर लांबीचं, सव्वाचार हजार मीटरवरचं खारट पाणी. ते तासातासाला रंग बदलतं, ढग आला की शिसं होतं, ऊन पडलं की काठाशी हिरवं आणि खोलात गर्द निळं. तुम्ही घरी येऊन त्यात शाईची दौत ओतलीत. आणि सिनेमातल्यासारख्या मांडलेल्या पिवळ्या स्कूटरवर बसून एकेकाने वीस वीस फोटो काढलेत. तळ्याकडे पाठ करून.

तो करकोचाचा फोटो कुणाचा? उभा राहा. बस आता. काळ्या मानेचा करकोचा, लडाखचा राज्यपक्षी, पंख पसरून उडालेला, डोळ्यात स्पष्ट फोकस. तंत्र म्हणाल तर अकरा हजारांतला हा सगळ्यांत सफाईदार फोटो. आणि मी त्याला शून्य देतो. जून महिना होता. जूनमध्ये हा पक्षी दलदलीच्या कडेला दोन अंडी घालून बसलेला असतो. तो आपण होऊन उडाला का? त्याच्या आधीचे नऊ फोटो मी पाहिलेत. पहिल्यात तो ठिपका आहे, मान खाली घालून चरतोय. चौथ्यात मान वर. सातव्यात चालू लागलाय. नवव्यात तुझी सावली पाण्यावर आहे. दहाव्यात तो उडाला. तू चालत गेलास, तो मान वर करून सांगत होता आणि तू चालतच राहिलास. अंडी उघडी पडली की वर घिरट्या घालणाऱ्या कावळ्याला दोन मिनिटं पुरतात. जवळ जायची ऐपत नसेल तर पक्षी ठिपक्याएवढाच येऊ दे. मोठ्या माळावर एक ठिपका, हा खरा फोटो होता, आणि तो तुझ्याकडे आहे. पहिला. तू तो ‘खराब’ म्हणून वेगळ्या फोल्डरात टाकलायस.

तुमच्यातल्या प्रत्येकाला हीच खोड लागली आहे. सगळं जवळ ओढायचं, नाहीतर सगळं एकदम कवेत घ्यायचं. डोंगर दिसला की सगळ्यांत रुंद लेन्स. रुंद लेन्स समोरचे दगड मोठे करते आणि मागचा डोंगर ढकलून लांब नेते. सहा हजार मीटरची शिखरं तुमच्या फोटोंत वारुळं झालीत. डोंगराची भव्यता हवी तर लांबची लेन्स लावा, एक सोंड, एक घळ, तिच्या पायाशी एखादं पांढरं घर घ्या. माणूस केवढा आणि डोंगर केवढा हे त्या घरावरून कळतं. सिंहगडच्या पायथ्याशी मी हे तुम्हाला दोन रविवार दाखवलं होतं.

हानले. इथे मात्र मला खरोखर वाईट वाटलं. साडेचार हजार मीटरवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. देशातले शास्त्रज्ञ जिचा एकेक तास मागून घेतात ती दुर्बीण. डिसेंबर 2022 मध्ये तिच्या भोवतालचा 1,073 चौरस किलोमीटरचा मुलूख अंधारासाठी राखून ठेवला. अंधार राखून ठेवला! गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, गावातल्या पोरांना तारे दाखवायचं शिक्षण मिळालं, ती रात्री दुर्बीण मांडून बसतात. आणि तुम्ही ‘पुढचा भाग उजळ यावा’ म्हणून गाडीचे मोठे दिवे लावलेत. तुमच्या फोटोत आकाशगंगा आहे, तिच्याखाली बोनेटचा लखलखाट आहे, आणि उजव्या कोपऱ्यात एक माणूस डोळ्यांवर हात घेऊन उभा आहे. तो बहुतेक त्या पोरांपैकीच असेल. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पुन्हा सरावायला अर्धा तास लागतो. तुम्ही तिथल्या प्रत्येकाचा अर्धा तास घेतलात, दर वेळी नव्याने. तिकाटणं, वीस सेकंद, लेन्स पूर्ण उघडी, आणि हातात लाल कागद लावलेली विजेरी. एवढंच लागतं. हे तुम्हाला येत होतं.

मी हे कुठल्या अधिकाराने बोलतोय असं वाटत असेल, तर सांगतो. 1994 साली मी स्पितीत गेलो होतो. जवळ फिल्मचे दोन रोल, बहात्तर फोटो, एवढीच ऐपत. ‘की’ गोंपाच्या समोरच्या उतारावर पहाटेपासून बसून मी पहिला रोल संपवला. आकडा छत्तिसाच्या पुढे गेला, सदतीस, अडतीस, तेव्हा शंका आली. फिल्मचं टोक आत दातांत अडकलंच नव्हतं. रोल जागचा हललाच नव्हता. डाव्या हाताची कळ फिरते की नाही हे प्रत्येक फोटोनंतर बघायचं असतं, ते मी बघितलं नव्हतं. सगळी पहाट गेली. दुसरा रोल मी त्या दिवशी घातला नाही. नुसता बसलो. उजेड त्या गोंपाच्या घरांवर एकेक पायरी कसा उतरतो, कोणत्या भिंतीवर आधी येतो, धूर कोणत्या धाब्यावरून कधी उठतो, हे मी तीन तास पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच दगडावर बसून अकरा फोटो काढले. त्यातला एक त्या भिंतीवर आहे. तुम्ही वर्षभर त्याच्याखाली चपला काढताय.

त्याच स्पितीच्या वाटेवर 1866 साली सॅम्युअल बोर्न नावाचा एक इंग्रज मणिरंग खिंडीत गेला होता, अठरा हजार फुटांवर. आधी बँकेत कारकून होता. त्या काळी काचेच्या तावदानावर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो काढायचा आणि ओलं असतानाच तंबूच्या अंधारात धुवायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटांत, थंडीने बोटं वाकत नसताना. त्या उंचीवरून त्याने मोजके फोटो आणले आणि ते आजही बघावेसे वाटतात. 1927 च्या एप्रिलमध्ये फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्स पंचविशीत योसेमिटीतल्या हाफ डोमसमोर चढून गेला तेव्हा शेवटी त्याच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. एक नेहमीच्या पिवळ्या फिल्टरने काढली, आणि मग थांबला. हा कडा आपल्याला कसा भासतोय आणि काचेवर कसा येणार, याचा विचार केला. शेवटच्या काचेसाठी लाल फिल्टर लावला, आकाश काळंभोर आलं. जगाने पाहिला तो दुसरा फोटो. काच एकच उरली होती म्हणून तो थांबला, असं तुम्ही म्हणाल. मग तुम्हीही कार्डात एकच उरलाय असं धरून चाला. कोण अडवतंय?

बोर्नबद्दल आणखी एक सांगायचं आहे, तेही ऐका. त्याच्या काचा, बाटल्या, तंबू पाठीवर वाहून नेणारी डझनांनी माणसं होती. बोर्नचं नाव मी तुम्हाला दीडशे वर्षांनी सांगतोय. त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. हे मला फार वर्षं खुपतंय, आणि आज तुमच्यामुळे पुन्हा खुपलं.

कारण शेवटी ती म्हातारी. तुम्ही तिचे सहा फोटो काढलेत, आणि सहावा तुम्ही मोठा करून दाखवलात, ‘कॅरेक्टर’ म्हणून. मी सहाही दाखवायला लावले. पहिल्यात ती दारात उभी आहे आणि हसते आहे. कानात पिरोजा आहे, एका दोऱ्यात ओवलेला. हाताकडे बघा. बोटांना पीठ लागलंय. म्हणजे ती कणीक तशीच टाकून दारापर्यंत आली होती. कशाला? बाहेर माणसांचा आवाज आला म्हणून. तिच्या दृष्टीने पाहुणे आले होते. दुसऱ्या फोटोत हसू थांबलंय. तिसऱ्यात ती तुमच्या मागे कुणी बोलणारं आहे का ते बघतेय. चौथ्यात पिठाचा हात चेहऱ्यासमोर. पाचव्यात तुम्ही आणखी पुढे सरकलाय, कारण हात मोठा झालाय. सहाव्यात पाठ. सहा सेकंदांत तुम्ही एका बाईला तिच्या स्वतःच्या दारातून आत पाठवलंत. ‘जुले’ म्हणायला किती वेळ लागतो? तेवढा एक शब्द तर तिथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा शिकता येतो. कॅमेरा खाली, हात जोडून जुले, मग ती काय करते ते बघायचं. तिने चहा दिला असता. तुम्ही कणीक मळताना तिला पाहिलं असतं, खिडकीतून तिच्या हातावर येणारा उजेड पाहिला असता. आणि नाही म्हणाली असती तर नाही. अल्चीच्या मंदिरात आठ-नऊशे वर्षांची भित्तिचित्रं आहेत, तिथे आत फोटो काढू देत नाहीत. तुम्ही तिथून दहा मिनिटांत बाहेर पडलात, ‘फोटो नाही तर काय करायचं’ म्हणून. हे वाक्य तुमच्याच व्हिडिओत आहे, तुमच्याच तोंडून. मला ते फोटोंपेक्षा जास्त लागलं.

आता काम सांगतो. या रविवारी सिंहगड नाही, कुठेही नाही. तुमच्या घराच्या खिडकीत उजेड फुटायच्या आधी बसायचं, दहा वाजेपर्यंत. कॅमेरा न घेता. उजेड कशाकशावर कधी येतो ते वेळेसकट लिहून आणायचं, दोन पानं, हाताने लिहिलेली. त्याच्या पुढच्या रविवारी, तीच खिडकी, सहा फोटो. सातवा मी बघणार नाही.

आणि त्या बाईचा पहिला फोटो, हसतानाचा, चांगल्या कागदावर छापून आणायचा, आठ बाय दहा. क्षितिज सरळ करा, रंगांना हात लावू नका. तो तिला पोचला पाहिजे. गाव तुम्हाला आठवत नसणार, ड्रायव्हरला आठवत असेल. त्याला फोन करा, फोटो त्याच्याकडे पाठवा, तो पुढच्या फेरीला नेऊन देईल. त्याच्यासाठीही एक छापा. अकरा हजारांत तो कुठेतरी असेलच.

नंबर आहे? आहे ना. कोणत्या नावाने ठेवलाय मोबाइलमध्ये? काढा, वाचा मोठ्याने.

‘लडाख ड्रायव्हर.’

सातही जणांच्या?